विहिरीच्या तळाशी बायोडाटा

समस्त ग्रामस्थ, पालक, आजी-माजी विद्यार्थी आणि पारावर बसून वर्तमानपत्र उलटं धरणारी मंडळी यांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, पारनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या आठवी 'ब' या वर्गाने गावातील सर्वांत गंभीर सामाजिक समस्येचे मूळ सखोल चौकशीअंती शोधून काढले असून, सदर मूळ हे मध्यम उंचीचे, चष्मा लावणारे, दुपारच्या सुट्टीत चोरून दोन चमचे साखरेचा चहा पिणारे व त्याच वर्गास नागरिकशास्त्र शिकविणारे आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

ही दवंडी मीच पिटतो आहे, कारण ते मूळ म्हणजे मी.

आता सविस्तर सांगतो. घाई असेल त्यांनी शेवटचं वाक्य वाचून निघून जावं. ते माझं नाही, पण माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा चांगलं आहे.

आमच्या पोरांना सामाजिक समस्यांची कारणं तोंडपाठ असतात. म्हणजे एकदाच पाठ केलेली असतात आणि ती सगळीकडे चालतात. व्यसनाधीनतेची कारणे? अज्ञान, दारिद्र्य, अंधश्रद्धा. बालविवाहाची? अज्ञान, दारिद्र्य, अंधश्रद्धा. एकदा मी वैतागून विचारलं, "काल पावणेपाचची एसटी का आली नाही?" तर मागच्या बाकावरून धीरगंभीर आवाजात उत्तर आलं, "अज्ञान, दारिद्र्य, अंधश्रद्धा." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण एसटीच्या बाबतीत ते मला बरंचसं पटलं होतं.

त्या दिवशी मी हे तीन शब्द वर्गातून हद्दपार केले. जो उच्चारेल त्याने फळा पुसायचा. आणि कारणं शोधायची तर विहीर खोदल्यासारखी शोधायची, असं ठरवलं. आमच्याकडची जुनी माणसं विहीर फुटात मोजत नाहीत, परसात मोजतात. उभा माणूस, हात डोक्यावर ताणलेले, त्याची जी उंची होईल तो एक परस. पोरांना हे शब्दांनी समजावणं शक्य होतं, पण मी गावच्या जत्रेतल्या नाटकात वीस वर्षं यमाचं काम केलेला माणूस. मी टेबलावर चढलो आणि दोन्ही हात छताकडे ताणून उभा राहिलो. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक खिडकीवरून चालले होते. थांबले. म्हणाले, "सर, काही मदत पाठवू का?"

तर नियम असा. समस्या म्हणजे जमीन. तिला एकदा 'का' विचारला की एक परस खाली. उत्तर आलं की त्यालाही 'का'. चटकन सुचलेली उत्तरं म्हणजे मुरूम, पटापट निघतो. जिथे कुणालाच उत्तर सुचत नाही तो खडक, तिथे दप्तर ठेवून गावात जायचं आणि माणसांना विचारायचं. आणि पाणी कुठे लागलं म्हणायचं? जिथे कुणीतरी काहीतरी करू शकतं अशा जागी आलो की पाणी.

"चला," मी खडूने फळ्यावर विहिरीचा काठ काढला, "आपल्या गावातली एक समस्या सांगा."

माझी अपेक्षा होती पाणी, दारू, फार तर मोबाईल. दारूवर माझं एक भाषणही तयार होतं. पण तोच एसटीवाला पोरगा उठला.

"सर, आमच्या चुलत्याचं लगीन जमंना."

वर्ग हसत सुटला. मीही हसलो. आणि मग हळूहळू हसू ओसरलं, कारण दुसरा म्हणाला, "आमच्या दादाचं बी." तिसरा म्हणाला, "आमच्या दोन्ही मामांचं." कुणाकुणाच्या घरी आहे म्हणून मी हात वर करायला सांगितले, आणि वर आलेले हात बघून मोजायचा विचार सोडून दिला. शेती आहे, ट्रॅक्टर आहे, दाराशी गाई आहेत, शर्टाला इस्त्री आहे, आणि मुलगी मिळत नाही. दर शनिवारी दाढी करून कुठेतरी 'बघायला' जाणारी आणि संध्याकाळी गप्प परत येणारी ही तिशीतली माणसं आमच्या प्रत्येक वाडीवस्तीवर आहेत. आम्ही त्यांच्यावर विनोद करतो. मी तर खास करतो.

खोदायला सुरुवात झाली. पहिला परस: मुलीचे आईबाप शेतकरी जावई नको म्हणतात. का? नोकरीवाला पाहिजे. का? शेतमालाच्या भावाचा भरवसा नाही, पाण्याचा तर त्याहून नाही. एक जण म्हणाला, "मग हिवरे बाजारला पानी हाय, तिथल्या पोरांची जमत्यात का?" कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, प्रश्न फार चांगला आहे, तुझा मामा तिथलाच ना, त्याच्याकडे गेलास की विचारून ये.

चौथ्या परसाला एक मुलगी म्हणाली, "सर, पोरीच कमी हायेत."

"का?"

"लोकांला नगं आसत्यात. आमी घरात तिघी. मग भाऊ झाला. मग थांबले." डब्यात आज भेंडी आहे, हे सांगावं इतक्या सहज तिने ते सांगितलं. पुढचा 'का' मला विचारवला नाही. मी खडू खाली ठेवला आणि उगाच चष्मा पुसला.

तिथे आम्हाला खडक लागला. म्हणून पोरांना आठवडाभराचा गृहपाठ दिला: गावात विचारा, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. पोरं सुटली. गिरणीवर, दूध संकलन केंद्रावर, देवळात, सलूनमध्ये, जिथे चार माणसं तिथे आठवी 'ब' वही घेऊन हजर. एका आजोबांनी लिहून दिलं, "पोरी शेफारल्या." एका मावशींनी सांगितलं, "आजकालच्या पोरींना शेनात हात घालायला नगं." सलूनवाल्याने फार अभ्यासपूर्ण मत दिलं की टक्कल पडायच्या आत जमवावं. एका बिनलग्नाच्या काकाने पुतण्याला दोन बिस्किटं दिली आणि वही बंद करायला लावली. मला ते सगळं इतकं आवडलं होतं की मी शिक्षकांच्या खोलीत रोज प्रयोग लावायचो, एकेका उत्तराची नक्कल करून.

एका मुलीची वही मात्र कोरी आली. पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, कधी न चुकणारी. तास संपल्यावर ती पाण्याच्या टाकीजवळ थांबली होती.

"सर, येक इचारू?"

"दोन विचार."

"आमच्या घरी उत्तर सापडलंय. दादाला सोनईकडचं स्थळ आलंय."

मला मनापासून आनंद झाला. तिचा दादा माझाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडलं, वडील गेल्यावर दुधाचा टेम्पो घेतला, आणि त्या टेम्पोवर घर चालवून मधल्या बहिणीला नगरला नर्सिंगला घातलं. एकतीस वर्षांचा झाला. त्याच्याइतका सरळ माणूस आमच्या गावात दुसरा नाही.

"मग पेढे कुठेत?"

"पन साटंलोटं हाय, सर. ते त्यांची पोरगी दादाला देनार, आपुन ताई त्यांच्या पोराला द्यायची. न्हाईतर न्हाई."

"ताई काय म्हणते?"

"तिला आजून सांगितलंच न्हाई. ती हॉस्टेलवर हाय. ह्या आयतवारी पावने यायचेत, तवा आई तिला बोलावनार."

"आणि तिचं दुसरं वर्ष चालू आहे ना?"

"ते म्हनले, नर्स होऊन काय करायचं, घरी गाया लई हायेत." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, ह्याला उत्तर म्हनायचं का समस्या?"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अशा वेळी आम्हा शिक्षकांकडे एक हुकमी वाक्य असतं, ते मी वापरलं: "उद्या सांगतो."

पण ती हलली नाही. "मी घरी परस काढले, सर. त्यांना ताई म्हाईत कशी झाली? आमचं तिकडं कुनीच न्हाई. तर आई म्हनली, दादाच्या बायोडाटात लिव्हलेलं हुतं."

"असं?" नाटकात खलनायक पडद्यामागे उभा असतो आणि नायक बिनधास्त पान लावत बसतो, तसा मी म्हणालो, "आणि तो बायोडाटा लिहिला कोणी?"

तिने चपलेकडे बघितलं. "तुमीच, सर."

आठवलं. सगळं एकदम आठवलं. आमच्याकडे शिक्षक हा अर्धा मध्यस्थ असतो. अक्षर बरं, ओळखी चार तालुक्यांत, आणि जिभेला हाड नाही. त्यांची आई दिवाळीनंतर माझ्याकडे आली होती, "सर, तुमीच काय ते लिव्हा," म्हणाली होती, आणि मी लिहिलं होतं. साधं लिहिलं असतं तर मी कसला? 'कुटुंब' या रकान्यात 'बहिणी: दोन' एवढं पुरे होतं. मी लिहिलं: 'थोरली बहीण वय वीस, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात, अविवाहित, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष.' ती गृहकृत्यदक्ष आहे की नाही हे मला माहीतही नव्हतं. वाक्य भरल्यासारखं वाटावं म्हणून घातलं. आणि तो कागद सोनईला माझ्याबरोबर पूर्वी नोकरीला असलेल्या एका मित्राला पाठवला. मुलगा दाखवायला निघालो होतो, आणि शेजारी बहीणही मांडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दूध संकलन केंद्रावर गेलो. दादा कॅन धूत होता. मला बघून त्याने हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. मला तो नमस्कार टोचला.

"साटंलोटं तुला मान्य आहे?"

"सर, आईला आता पान्याची घागर उचलत न्हाई." त्याने पाइप कॅनमध्ये सोडला. "आन् मी किती दिस लोकांच्या लग्नात पंगती वाढायच्या?"

"आणि ताई?"

कॅन भरून वाहायला लागला तरी त्याने पाइप काढला नाही. "तिला शिकायला मीच घातलंय," तो शेवटी म्हणाला.

"मग आईला सांग की."

"मी सांगितलं तर आई म्हनती, तुझं कल्यान कर आधी. तुमी सांगा, सर. तुमचं ऐकती."

मी मान डोलावली आणि गेलो नाही. बुधवारी जाणार होतो, मग गुरुवारी. त्यांच्या आईपुढे उभं राहून काय म्हणायचं, हे मी घरात आरशासमोर तीन प्रकारे करून पाहिलं. तिन्ही प्रकार टाळ्यांचे होते आणि एकही खरा नव्हता. कारण त्या बाईचं काय चुकत होतं? तिला मुलाचं घर उभं राहिलेलं बघायचं होतं. आणि मुलगी काय, आज ना उद्या द्यायचीच, असं तिच्या डोक्यात. मीच तिला रस्ता आखून दिला होता, वळणदार अक्षरात.

रविवारी पाहुणे येणार होते. शनिवारी सकाळी शाळेत पालकसभा होती आणि आठवी 'ब' आपली विहीर मांडणार होती. शुक्रवारी मी त्या मुलीला म्हटलं, "घरचं आहे बाळा, ते नको वाचूस."

"मग विहीर आर्धीच ऱ्हाईल, सर."

"ताईला, दादाला त्रास होईल."

तिने विचार केला. "मी 'एका घरात' आसं म्हनीन."

मी मान्य केलं. आता आमच्या गावात 'एका घरात' म्हटल्यावर ते कुणाचं घर हे वाक्य पुरं व्हायच्या आत कळतं, ही गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर मला ते कळावंसंच वाटत होतं. जे मला तोंडाने सांगायला जमलं नव्हतं ते एका तेरा वर्षांच्या मुलीकडून होतंय, हे बघून मी निर्लज्जपणे हायसं वाटून घेतलं.

शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला. आया एका बाजूला सतरंजीवर, बापे दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांना बसायचं नसतं पण ऐकायचं असतं ते दाराशी. दाराशी दादाही होता, हातात टेम्पोची किल्ली. त्याची आई पुढच्या रांगेत, पदर नीट घेऊन, धाकटी बोलणार म्हणून कौतुकाने बसलेली. दोन पोरांनी चार कागद चिकटवून केलेली उभी विहीर धरली. त्या मुलीने काठी घेतली आणि वरपासून खाली वाचत आली. शेती, भाव, पाणी, कमी मुली. गावकऱ्यांची उत्तरं वाचली तेव्हा ज्याची त्याची ओळख पटून हशा होत होता. सलूनवाल्याच्या उत्तराला टाळी पडली.

"सातवा परस," ती म्हणाली. "एका घरातल्या मुलाला स्थळ आलं, पन बदल्यात त्याची बहीन मागितली. का? तर तिचं शिक्षन, वय, स्वभाव समदं त्या मुलाच्या बायोडाटात लिव्हलेलं हुतं. का? तर लिव्हनाऱ्याला लिव्हायला लई आवडतं." थांबून तिने माझ्याकडे बघितलं. "लिव्हनारे: आमचे सर."

हॉल असा हसला की मुख्याध्यापकांचा चहा बशीत सांडला. मी उठलो, हात जोडले, मान खाली घातली आणि यमाच्या आवाजात म्हणालो, "गुन्हा कबूल आहे." आणखी हशा. मला वाटलं, झालं, यातच सगळं पार पडलं.

पण तिची काठी खाली सरकली. तिथे मी ठरवून दिलेलं काही नव्हतं. ते तिने रात्री स्वतः लिहिलं होतं, निळ्या पेनाने.

"आठवा परस. आमी गावभर इचारलं, मुलींना काय पाह्यजे. आजोबांना इचारलं, मावशींना इचारलं, काकांना इचारलं, सलूनमधी बी इचारलं. पन मुलींना कुनीच इचारलं न्हाई. आमच्या वर्गातल्या मुलींनी बी न्हाई. म्हनून काल मी आमच्या ताईला फोन…" ती अडखळली, "म्हंजे एका घरातल्या मुलीला फोन केला आन् इचारलं." यावर थोडं हसू आलं, पण दबकं. "ती म्हनली, मला परीक्षा द्यायची हाय. आन् म्हनली, इचारल्याबद्दल थँक्यू."

काठी खाली आली. कागद धरणाऱ्या पोरांपैकी एकाचे हात दुखायला लागले होते, विहीर एका बाजूने कलली. दारात दादा किल्लीकडे बघत होता. आता बोलायची वेळ माझी आहे, असं मला वाटलं. एवढा भरलेला हॉल, एवढी शांतता, असा प्रवेश नटाला आयुष्यात एकदा मिळतो. मी पाऊल पुढे टाकलं, घसा खाकरला, तोंड उघडलं.

आणि माझ्या आधी दुसरंच कुणीतरी बोललं. ते काय ते सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, कारण त्या वाक्यानंतर काही बोलायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही आणि आजही नाही. रविवारी पाहुणे आले नाहीत. शनिवारी संध्याकाळीच दादाने सोनईला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि बाजूला बसून आईने मान डोलावली. सोनईचा माझा मित्र वर्षभर माझ्याशी बोलला नाही, ते मी सोसलं. ताईने परीक्षा दिली, पुढच्याही दिल्या. ती आता नगरला एका दवाखान्यात आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही नगरच म्हणतो. मी तिच्याकडे रक्तदाब मोजून घ्यायला जातो तेव्हा ती पट्टा जरा जास्तच आवळते आणि विचारते, "सर, सुस्वभावी आहे ना मी?" दादाचं लग्न अजून जमलेलं नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. टेम्पो चालू आहे, पंगती वाढणं चालू आहे, आणि मी त्याच्यावर विनोद करणं बंद केलं आहे. बायोडाटे अजून लिहितो. 'बहिणी: दोन' एवढंच लिहितो.

तर त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. पुढच्या रांगेत त्यांची आई बसली होती. लेकीकडे, माझ्याकडे, कुणाकडेच तिचं लक्ष नव्हतं. ती कललेल्या कागदाच्या तळाशी लिहिलेल्या निळ्या ओळींकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण ती बघत होती. तोंडावरचा पदर बाजूला झाला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणून गेली:

"आगं बया, मग त्या सोनईच्या पोरीला तरी कुनी इचारलं आसंल का?"